ब्रिक्स मीटरमधल्या उजेडाला साखर कशी कळते? सकाळी १७.२, दुपारी १५.८

द्राक्षवाली_निफाड

नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली, जानेवारीत मण्यात पाणी उतरलं. आता फेब्रुवारीचा मध्य आलाय आणि रोज सकाळी माझं एकच काम, ब्रिक्स मीटर घेऊन बागेत फिरायचं.

ज्यांनी हे मीटर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. छोट्या बॅटरीच्या टॉर्चएवढी नळी असते. एका टोकाला तिरपी काच आणि तिच्यावर बिजागरीचं पारदर्शक झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. मणी चिमटीत दाबून दोन थेंब रस काचेवर पाडायचा, झाकण अलगद टेकवायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आत एक गोल दिसतो, वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्हींच्या मधली रेघ आकड्यांच्या पट्टीवर जिथे टेकते तो आपला ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा. सेल नाही, बटण नाही. नुसत्या उजेडावर चालतं. सहा वर्षं वापरतेय, पण हे कसं चालतं याचा विचार कधी केला नव्हता.

परवा तो करायची वेळ आली. सकाळी साडेसातला मी तिसऱ्या ओळीतले मणी घेतले, १७.२ आला. मनात म्हटलं, झालं, माल तयार आहे. दुपारी दोनला व्यापारी आले, त्याच ओळीतले मणी घेतले, त्यांच्या मीटरवर १५.६. ते म्हणाले, "ताई, सोळाच्या खाली आहे, या भावात नाही जमायचं." मी घरातून माझं मीटर आणलं आणि त्यांच्यासमोरच लावलं. १५.८. माझंच मीटर माझ्या विरोधात बोललं म्हटल्यावर मी काय बोलणार? सौदा तसाच राहिलाय.

रात्री मीटर हातात घेऊन ओट्यावर बसले. मुलगी दहावीला आहे. ती म्हणाली, "आई, हे अपवर्तन. ग्लासात पेन्सिल वाकडी दिसते ना, तेच." मग तिने व्याख्या म्हणून दाखवली, अपवर्तनांकाचं सूत्रही लिहून दाखवलं. पण माझा प्रश्न तिथे सुटत नाही. पाणी पारदर्शक, साखर विरघळली की तीही पारदर्शक. उजेड काही चव घेत नाही. मग दोन थेंबांत साखर किती आहे हे त्याला कळतं कसं? आणि काच तीच, ओळ तीच, तर सहा-सात तासांत दीड ब्रिक्स गेला कुठे? झाडाने साखर परत घेतली का?

कोणी मुळापासून समजावेल का? वाचायला वेळ लागला तरी चालेल, आम्ही दोघी बसून वाचू.

---

बेदाणा_तासगाव

ताई, आमच्याकडे बेदाण्याला बावीसच्या वर गेल्याशिवाय घड तोडत नाही, त्यामुळे हे मीटर आमच्याही खिशातच असतं. मला वाटतं, साखरेने रस दाट होतो आणि दाट रसातून उजेड कमी जातो, म्हणून रेघ सरकत असावी. जाणकारांनी चुकत असेल तर सांगावं.

मण्यांचं मात्र अनुभवाने सांगतो. घडाच्या खांद्याकडचे मणी गोड आणि टोकाचे कमी, हा फरक सहज दीड-दोन ब्रिक्सचा निघतो. तुम्ही सकाळी कुठले घेतले आणि त्यांनी दुपारी कुठले, ते आठवून पाहा. आम्ही खांदा, मध्य, टोक, तिन्हीकडचे मणी एका वाटीत चुरडून मग थेंब घेतो. आणि सकाळी दव असतं, मणी पुसून घ्या.

---

विज्ञानशिक्षक_कराड

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी शाळेत चौतीस वर्षं अपवर्तन शिकवलं. "उजेड काही चव घेत नाही" या वाक्याशी अडलेला विद्यार्थी मला हवा होता. मुलीलाही सोबत घेऊन वाचा.

आधी तासगावच्या दादांच्या मुद्द्याचं बघू. दाट रसातून उजेड कमी गेला असता, तर आतलं चित्र अंधूक झालं असतं, पण रेघ जागेवरच राहिली असती. इथे उजेड तेवढाच आहे आणि रेघ सरकते आहे. म्हणजे उजेड अडत नाही, त्याची दिशा बदलते. आणि दिशा बदलते ती वेग बदलतो म्हणून.

निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. निर्वातातला वेग एखाद्या पदार्थातल्या वेगाच्या किती पट, तो त्या पदार्थाचा अपवर्तनांक. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३. भागून पाहा, पाण्यात हा वेग साधारण सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. अठरा ब्रिक्सच्या साखरपाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३६०, म्हणजे वेग दोन लाख वीस हजार. साध्या काचेत दोन लाखांच्या जरा खाली, हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख. तुमच्या नळीत जे मोजलं जातं ते हे, सव्वादोन लाखांतले किती किलोमीटर साखरेने कमी केले. अठरा ब्रिक्सला ते साडेचार हजार.

आता वेग कमी का होतो. याचं एक उत्तर फार पसरलेलं आहे: प्रकाशाचा कण अणूवर आदळतो, अणू त्याला गिळतो, थोडं थांबून बाहेर सोडतो, असं थांबत थांबत गेल्याने उशीर होतो. मीही कित्येक वर्षं वर्गात हेच सांगितलं आणि त्याची मला आजही रुखरुख आहे, कारण ते खरं नाही. अणूने गिळून सोडलेला प्रकाश कुठल्याही दिशेला सुटला असता, किरण सरळ राहिलाच नसता. शिवाय अणू ठरावीक रंगच गिळतात, आणि पाण्यातून तर सगळेच रंग आरपार जाताना दिसतात.

खरं असं आहे. प्रकाश म्हणजे विद्युत क्षेत्राचा हेलकावा. पिवळ्या प्रकाशात तो सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा होतो. हा हेलकावा रसात शिरला की वाटेतल्या प्रत्येक रेणूतले इलेक्ट्रॉन त्याच तालात किंचित डुलतात, आणि डुलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःची एक बारीक लहर सोडतो. मूळ लहर आणि या असंख्य बारीक लहरी एकमेकींत मिसळतात. त्यांच्या बेरजेतून जी लहर तयार होते तिचे उंचवटे मूळ लहरीच्या थोडे मागे पडलेले असतात. वाटेत कुणी थांबलेलं नाही, कुणी गिळलेलं नाही. सगळ्यांची मिळून झालेली लहर हळू चालते, एवढंच.

यातच तुमचं उत्तर आहे. प्रकाशाला गोडी कळत नाही, त्याला वाटेत डुलणारे इलेक्ट्रॉन किती आहेत ते कळतं. एक लिटर पाण्याचं वजन साधारण १००० ग्रॅम, अठरा ब्रिक्सच्या साखरपाण्याचं सुमारे १०७० ग्रॅम. तेवढ्याच जागेत पदार्थ जास्त, इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून लहर आणखी हळू. त्या जागी मीठ विरघळवलंत तरी रेघ वर चढेल, आणि मीटर खारट पाण्यालाही बेधडक ब्रिक्सचा आकडा देईल.

हळू झाल्यावर वळते का, ते कोकणात पाहता येतं. वारा तिरका असो, खोल समुद्रात लाटा कुठूनही येत असोत, किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्या जवळपास किनाऱ्याला समांतर होतात. कारण उथळ पाण्यात लाट हळू होते. तिरक्या लाटेचं एक टोक आधी उथळात शिरतं आणि मागे पडतं, दुसरं अजून खोलात असल्याने पुढे धावतं, आणि अख्खी लाट वळते. हर्णैच्या बाजूला उंचावर उभं राहून मी हे तासन्‌तास पाहिलेलं आहे. रसातून काचेत शिरणारा प्रकाश असाच वळतो.

राहिली रेघ. झाकणातून उजेड सगळ्या दिशांनी रसात येतो. त्यातले काही किरण काचेच्या पृष्ठभागाला अगदी घासून जातात. त्यांच्याहून तिरका किरण असूच शकत नाही. काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला, तर पाण्यातून असा घासत आलेला किरण काचेत लंबापासून ६१.३ अंशांवर जातो. त्यापलीकडे एकही किरण पोहोचत नाही. अलीकडे उजेड, पलीकडे काही नाही, म्हणून ती धारदार रेघ. मुलीच्या पुस्तकात ज्याला क्रांतिक कोन म्हटलंय तो हाच. पाण्याच्या जागी अठरा ब्रिक्सचा रस आला की हद्द ६३.५ अंशांवर सरकते. उजेडाला दोन अंश जास्त जागा मिळते, पांढरा भाग वाढतो, रेघ वर चढते. दोन-सव्वादोन अंशांचा हा फरक भिंगाने मोठा करून त्यावर पट्टी आखली की तुमचं मीटर झालं. ही युक्ती प्रयोगशाळेच्या उपकरणात नीट बसवली ती एर्न्स्ट आब्बे यांनी, जर्मनीत येना इथे, १८७० च्या आसपास.

प्रकाश पाण्यात खरंच हळू होतो का, यावर एके काळी मोठा वाद होता, हेही मुलीला सांगा. न्यूटनच्या कणांच्या हिशेबाने तो पाण्यात जोरात जायला हवा होता, तरंग मानणाऱ्यांच्या हिशेबाने हळू. १८५० साली पॅरिसमध्ये फूको यांनी गरगर फिरणारा आरसा लावून प्रत्यक्ष पाहिलं. पाण्यातून आलेला प्रकाश मागे राहिला होता.

सकाळ-दुपारच्या फरकाबद्दल माझा कयास तापमानाचा आहे, पण रोज हे काम करणारं कुणी बोललं तर जास्त चांगलं.

---

लॅब_केमिस्ट

सरांचा कयास बरोबर आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझा हा एकोणिसावा हंगाम, रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे तुमचं हे ब्रिक्स मीटरच, रोज हातात असतो.

ताई, तुमच्या मीटरच्या नळीवर किंवा डबीवर "२०° से." असं लिहिलेलं असेल. त्या पट्टीचे आकडे फक्त वीस अंशांना खरे. रस तापला की तो फुगतो, तेवढ्याच जागेत रेणू कमी मावतात, सरांच्या भाषेत डुलणारे कमी होतात, आणि आकडा खाली येतो. तुमच्या रसाच्या आसपास हा फरक दर अंशाला ०.०६ ते ०.०८ ब्रिक्स धरा. निफाडची फेब्रुवारीतली सकाळ बारा अंशांची असेल, तर मीटर खऱ्यापेक्षा अर्धा ब्रिक्स जास्त दाखवतं. दुपारी तेहतीस असेल तर एक ब्रिक्स कमी. दोन्ही मिळून दीड. तुमचा हरवलेला दीड ब्रिक्स तो हाच. साखर झाडाने परत घेतलेली नाही, व्यापाऱ्यानेही खोटं केलेलं नाही, आणि तुमची सकाळही खरी नव्हती. खरा आकडा पावणेसतराच्या जवळपास असावा.

थेंब दोनच असतात, त्यामुळे ते लगेच काचेचं तापमान घेतात. म्हणून रस थंड होता की गरम यापेक्षा मीटर कुठे ठेवलं होतं ते महत्त्वाचं. शर्टाच्या खिशातलं मीटर अंगाइतकं गरम होतं. पिकअपच्या काचेपाशी उन्हात पडलेलं असेल तर विचारूच नका. काही मीटरमध्ये तापमानाची भरपाई करणारी पट्टी आतच असते, ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंत साथ देते, त्यापुढे तिचाही भरवसा नाही.

उपाय सोपा आहे. मोजायच्या आधी त्याच जागी डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, आणि रेघ शून्यावर नसेल तर वरचा छोटा स्क्रू फिरवून शून्यावर आणा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार मोजले जातात. सकाळी एकदा, दुपारी पुन्हा. पाणी आणि रस दोन्ही सारखेच तापलेले असल्याने बहुतेक फरक तिथेच निघून जातो. व्यापारी आले की दोघांची मीटरं सावलीत शेजारी ठेवा आणि दोन्हींना त्याच बाटलीतल्या पाण्याने शून्य लावा. यात कुणाला राग यायचं कारण नाही.

आणि सर म्हणाले तसं ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे, जे जे विरघळलंय ते सगळं. द्राक्षात त्यातली बहुतेक साखरच असते म्हणून निभावतं. उसाच्या रसात आम्हाला ते पुरत नाही, म्हणून आम्ही ब्रिक्सच्या जोडीला पोल, म्हणजे त्यातल्या उसाच्या साखरेचं प्रमाण, काढतो. तिथेही प्रकाशच कामाला लागतो, पण वेगळ्या तऱ्हेने. एकाच प्रतलात हेलकावणारा प्रकाश रसाच्या नळीतून सोडला की उसाची साखर ते प्रतल उजवीकडे पिळते. १०० मिलीलिटरमध्ये २६ ग्रॅम शुद्ध साखर आणि २० सेंटिमीटरची नळी घेतली तर ३४.६ अंश. मीठ हे करत नाही. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखे असतात. ग्लुकोज उजवीकडे पिळतो, फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे, त्यामुळे तुमचा रस आमच्या यंत्रात घातला तर काटा उलटा जाईल. पहिल्या हंगामात हे पाहिलं तेव्हा मी नळी तीनदा धुतली होती.

---

द्राक्षवाली_निफाड

सर, दादा, तासगावचे भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आम्ही दोघींनी तीन वेळा वाचलं. केलं ते सगळं सांगते.

खांदा-मध्य-टोक असे मणी चुरडून रस गाळला, बाटली फ्रीजमध्ये ठेवली. मीटरवर "२०° से." खरंच आहे, सहा वर्षं डोळ्यांसमोर होतं. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात होतंच. सकाळी पडवीत बारा अंश, शून्य न लावता १७.२, शून्य लावून १६.८. दुपारी शेडमध्ये तेहतीस अंश, तोच रस, शून्य न लावता १५.८, शून्य लावून १६.६. मुलीने चारही आकडे वहीत लिहून खाली रेघ मारली. व्यापारी काल पुन्हा आले. दोन्ही मीटरं सावलीत ठेवली, पाणी टाकलं, ते शांतपणे बघत होते. दोन्हीकडे १६.६. भाव ठरला, सोमवारपासून काढणी.

मुलीचा एक प्रश्न मात्र उरलाय. सर, तुम्ही म्हणता हळू झाला की वळतो. पण तो वळतो सीमेवर, रसातून काचेत शिरताना. ती विचारते, सीमाच नसेल, साखर हळूहळू वाढत गेली तर उजेड कुठे वळेल?

---

विज्ञानशिक्षक_कराड

बाळ, सगळीकडे थोडा थोडा वळेल. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. चपट्या बाजूंची काचेची टाकी घे. तळाला दोन बोटं साखर पसर. पाण्यात दुधाचे एक-दोन थेंब मिसळ म्हणजे किरण दिसेल. ते पाणी साखरेवर बशी ठेवून तिच्यावरून अगदी सावकाश ओत, बशी हळूच काढ, आणि दोन रात्री टाकीला हात लावू नकोस. मग बाजूने, तळाच्या जरा वरून, खेळण्यातला लेझर आडवा धर. लेझर कुणाच्या डोळ्यांकडे जाऊ देऊ नकोस. वर वाकतो की खाली, ते आधी वहीत लिही आणि मग बघ.

---

द्राक्षवाली_निफाड

सर, शेजारच्यांकडून माशांची रिकामी टाकी आणली. पहिल्या दिवशी बशी काढताना तिचा हात हलला, सगळं ढवळलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तिने वहीत "खाली" लिहिलं होतं. मी "वर" म्हटलं होतं.

आज रात्री जेवणं झाल्यावर दिवे घालवले आणि लेझर लावला. लाल रेघ टाकीत आडवी शिरली आणि पुढे पुढे खाली झुकत गेली, घडाच्या वजनाने काडी वाकते तशी. कुठेही कोपरा नाही. तळाच्या काचेवर आदळली, तिथून उसळली आणि पुन्हा वाकली. तिचे बाबा टाकीत आत काही ठेवलंय का म्हणून मागे जाऊन बघून आले. आजींनी देवघरातून उठून येऊन पाहिलं.

साखरेच्या बाजूला जास्त हळू, म्हणून रेघेची खालची कड मागे पडते आणि रेघ तिकडे वळते, हे तिने मला टाकीवर बोट फिरवून दाखवलं. मग लांब चमचा घेतला आणि तळापासून ढवळलं. रेघ थरथरली, दोन-तीन ठिकाणी फाटली, पाणी शांत व्हायला लागलं तशी पुन्हा जुळली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ झाली.